मधेच थांबलेला क्षण

पश्चिमेकडे ढग चढले तसा ओगोलाने कोगुता बेटावर फोन लावला. तिथल्या होड्या केव्हाच पाण्यात गेल्या होत्या, असं तिकडून कळलं. वादळाचा इशारा किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांना गेला होता, बेटाला तेवढा नाही. होड्यांवरच्या नाखव्यांचे नंबर होते इशारे धाडणाऱ्या प्रोग्रामच्याच पोटात.

तो प्रोग्राम आणि त्याच्या सूचना वाचून तो चालवणारं, संगणकातलंच आभासी यंत्र, दोन्ही ओगोला आणि अवुओर यांनी मिळून लिहिलं होतं. बंद करून पुन्हा लावायचं तर वाऱ्याचे आकडे गोळा व्हायला अर्धा तास गेला असता.

"चालू असतानाच थांबवते," अवुओर म्हणाली.

"प्रत्येक पावलाला ते विचारत बसेल, थांबू का म्हणून? रांगायला लागेल ते."

"विचारायचंच नाही. वाटेतली एक सूचना उचलायची."

यंत्र एकामागून एक सूचना वाचत धावत होतं. बेटाला इशारा धाडायचा की नाही हे ठरवणारी सूचना तिने अलगद काढली, बाजूला जपून ठेवली आणि त्या जागी आपली एकच ठेवली: थांब.

यंत्र तिथवर आलं आणि थांबलं.

पडद्यावर सगळं जिथल्या तिथे उभं होतं. वाऱ्याचा वेग, गावांची नावं, अर्धवट राहिलेला हिशोब. अवुओरचे हात मांडीवर आले. इतकी वर्षं ती हे लिहीत आली होती, पण असं आतून कधी पाहिलं नव्हतं.

"पोरी," ओगोला हळूच म्हणाला, जणू मोठ्याने बोललं तर ते हलेल, "कळलंय का त्याला, थांबलंय ते?"

"नाही."

मग तिला दिसलं. बेटाच्या नावापुढे 'इशारा दिला' अशी खूण होती, मागच्या वादळातली, कधी पुसलीच न गेलेली. तिने ती पुसली, जपलेली सूचना परत जागेवर बसवली आणि चालू लागायला सांगितलं.

यंत्र होतं तिथून पुढे निघालं. नाखव्यांच्या फोनकडे इशारे सुटले.

"आठवेल का त्याला काही?"

"त्याच्या लेखी हे घडलंच नाही."

दोघं खिडकीशी गेले. व्हिक्टोरिया सरोवराच्या काळवंडलेल्या पाण्यावर, दूर, एक पांढरं शीड किनाऱ्याकडे वळत होतं. मग त्याच्या मागे दुसरं.