बुवांचा हार

रायपूरच्या तात्यापारा वस्तीतल्या मराठी मंडळाच्या कीर्तनात पूर्वरंग संपला की बुवांना हार घालायचा मान त्या वर्षी माझा होता. रायपूर छत्तीसगडची राजधानी झाल्यापासून मंडळ थेट पुण्याहून बुवा बोलवायचं. उत्तररंगाला राजाच्या पुत्रवियोगाचं आख्यान होतं. हार घेऊन मी पुढं गेले, तर बुवा श्रोत्यांना हसवत होते. "टीव्हीवरच्या त्या जुन्या मालिकेतला राजा आठवतो का? मुलगा वनवासाला निघाला आणि हा रडतोय असा, जणू डोळ्यांत लिंबू पिळलंय!" सगळा हॉल हसला. कुणीतरी मागून ओरडलं, "हव बुवा, एकदम नकली!" पुरुषांच्या रांगेत बसलेल्या आमच्या ह्यांनी मान खाली घातली. माझं डोकं फिरलं. कीर्तनात मध्ये बोलू नये, हे लहानपणापासून पाळत आले होते. तरी बोललेच. "बुवा, आमचा पोट्टा गेला तेव्हा हे रडले नाही. वर्षभर रडले नाही. जेवत नव्हते, बोलत नव्हते. मंग एका रविवारी त्या राजाले रडताना पाहून यायनं टीव्हीसमोरच हंबरडा फोडला. त्या नकली रडण्यानं माझा माणूस वाचला. तुम्ही काहून हसून राहिले?" बुवांनी हात जोडले आणि "चुकलो, माई," म्हणत हारासाठी मान वाकवली. मी हार मागं घेतला. "हार मंग घालते. आधी त्या राजाचं रडणं गाऊन दाखवा. पाहू तं, तुमचं कोणाले रडवते काय."