सगुणाबाई दुबईला येतात

आगबोटीनं खाडीबाहेर नांगर टाकलाय, एवढं पाद्रीला सांगून बदरुद्दीन जिना उतरला.

"तयार राहा," बदरुद्दीन खालून ओरडला. "मछवा पाठवलाय मी. इन्शाल्ला, दुपारपर्यंत वहिनी देऱ्यात."

बदरुद्दीन मूळचा दापोलीकडचा. दुबईच्या देरा भागात त्याची लाकडाची वखार होती आणि वखारीवरच्या खोलीत पाद्री राहायचा. एवढा भला माणूस एकटा जेवतो, हे बदरुद्दीनच्या बायकोला, मरियमबीला, बघवेना. नवरा माल आणायला मुंबईला निघाला तेव्हा तिनं त्याला सोलापूरला माणूस पाठवायला लावला. उजगरे पाद्रींची बायको मिशनच्या चाळीत अजून राहते, असं कळलं. बदरुद्दीननं परस्पर तिचं तिकीट काढलं आणि परत आल्यावर ही खुशखबर मोठ्या थाटात सांगितली. पाद्री मटकन खाली बसला. आनंदानं बसला, असं सगळ्यांना वाटलं.

त्या दिवसापासून त्याचं अन्न तुटलं. जिन्यावर पाऊल वाजलं तरी तो दचकायचा. मरियमबीनं एकदा त्याला चांगलंच सुनावलं. पाच वर्षांत सोलापूरला साधा निरोप नाही, पाद्री म्हणवणाऱ्याला हे शोभतं का, असं तिनं विचारलं. पाद्रीनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

देऱ्यातल्या चार-सहा ख्रिस्ती घरांनी साठ साली बाप्टिस्ट मिशनकडे पाद्री मागितला होता. तो ज्या गलबतानं निघाला ते खोर फक्कन बंदराजवळ वादळात फुटलं. गलबतात बदरुद्दीनचं लाकूड होतं, म्हणून तोच धावत गेला. बाकी सगळे बुडाले होते. कमरेला मेणकापडात बायबल बांधलेला हा एकटा वाळूवर सापडला, तापानं फणफणलेला. शुद्धीवर आला तेव्हा उशाशी ती सगळी घरं जमलेली, आणि एक म्हातारी त्याचा हात छातीशी धरून देवाचे आभार मानत होती.

सुरुवातीला तो प्रवचन करायचाच नाही. दर शुक्रवारी दार लावून, आवाज बाहेर जाणार नाही अशा बेतानं, नुसतं बायबल वाचून दाखवायचा. एका तेलुगू फिटरनं बाप्तिस्मा मागितला तेव्हा, मी अजून त्या लायकीचा नाही, म्हणून त्यानं वर्षभर टाळलं. शेवटी फिटर ऐकेना, तेव्हा खाडीच्या टोकाला छातीभर पाण्यात उतरून त्यानं त्याला बुडवून वर काढलं. बाहेर आल्यावर फिटर हसत होता आणि पाद्री थरथर कापत होता.

पुढं देवीची साथ आली. झापांच्या झोपड्यांतून लोक घरच्यांनाही टाकून पळाले, तेव्हा हाच पाणी घेऊन आत जायचा, कोण कुठल्या धर्माचा ते न विचारता. साथ सरल्यावर इंग्रजांच्या एजन्सीतला गोरा साहेबसुद्धा रस्त्यात थांबून त्याची विचारपूस करू लागला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, आणि लोक जितकं डोक्यावर घेत तितका तो आक्रसत जाई.

बदरुद्दीनची पावलं लांब गेल्यावर पाद्रीनं दोन कपडे पिशवीत कोंबले आणि मागच्या गल्लीनं तो धक्क्यावर गेला. तय्यब नाखवाचं गलबत कुवेतला सुटायच्या बेतात होतं. जागा आहे का, असं त्यानं हळूच विचारलं.

तय्यबला हसू आवरेना. "बायकोला एवढं घाबरणारा माणूस पहिल्यांदा बघतोय. या, जागा आहे."

पाद्रीनं फळीवर पाय ठेवला. तेवढ्यात पलीकडून गाण्याचा आवाज आला. ती सगळी ख्रिस्ती घरं धुतलेले कपडे घालून धक्क्यावर उभी होती आणि स्वागताचं गीत घोळवत होती. फिटर सगळ्यांच्या पुढं होता. पाद्री त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं फळीवरचा पाय मागं घेतला.

मछवा आला. सगुणाबाई नऊवारीचा ओचा सावरत उतरल्या. वय चाळिशीचं, अंगानं काटकुळ्या, ओठ घट्ट मिटलेले. मरियमबी पुढं झाली आणि तिनं आधाराला त्यांचा हात धरला. बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने वण होते, एकाशेजारी एक, कोणी मुद्दाम चटके दिल्यासारखे.

मरियमबीनं वळून पाद्रीकडे पाहिलं. ती नजर त्याला सोसवेना. बदरुद्दीनचंही हसू मावळलं. गीत मध्येच थांबलं.

सगुणाबाई पाद्रीसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. आता बोलेल, त्याला वाटलं, सगळ्यांच्या देखत बोलेल, आणि खलास.

सगुणाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"किती वाळलात हो," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "चला घरी."

सगळे वखारीवर आले. मरियमबीनं जेवण वर ठेवलं, पाद्रीकडे न बघता ती खाली गेली. सगुणाबाईंनी दार लावलं, कडी घातली. पाद्री भिंतीला टेकून उभा होता.

"बाई," तो कसाबसा म्हणाला, "मला सांगायचंय..."

त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. मग त्या ट्रंकेवर बसल्या आणि हुंदका फुटू नये म्हणून पदर तोंडाशी धरला.

"बोटीवर मला घास गिळवला नाही," त्या म्हणाल्या. "सगळा प्रवास एकच भीती होती, की धक्क्यावर खरंच माझा नवरा उभा असेल."