पहिला डबा

गुणवंतरावांनी सकाळी गिरणीत ठेवलेला गव्हाचा डबा दुपारी चारलाही जसाच्या तसा होता.

“बाई, अजून मोटर चालू नाई केली?” ते करवादले.

“एका डब्यासाठी?” बायनाबाई बंद गिरणीला टेकून बसली होती. “पयला डबा गिरणी खाते, भाऊ. दोन किलो दगडाच्या पोटात राह्यते. मांगून चार डबे येऊ द्या.”

“अवो, रात्री कीर्तन आहे! बुवा भात खात नाईत. बारा जणायच्या पोळ्या कराच्या आहेत.”

“बुवा कुठचे?”

“नगरकडचे.”

“म्हंजे बाहेरचेच.”

गुणवंतरावांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. माणूस भला. कीर्तनात उपरण्यानं डोळे पुसणारा. पण ‘बाहेरच्यांना खोल्या द्यायच्या नाहीत, ते आपल्या गावचं खातात’ हा ठराव ग्रामसभेत त्यांनीच मांडला होता. वीज केंद्रावर कामाला आलेली बिहारकडची चाळीस बिऱ्हाडं परवा टेम्पोत सामान भरून पलीकडच्या गावात राहायला गेली.

“आपल्या लोकायचे डबे काऊन नाई येत?”

“आपण भात खाणारे. पोळ्या ते खायचे, दोन्ही टाइम.” बायनाबाईनं जमिनीकडे बोट केलं. पिठाच्या धुळीत डब्यांचे चौकोन उमटलेले होते, एकामागं एक, थेट दारापर्यंत. “गिरणी घेणारा मोटर पाहून गेला. सोमवारी नेतो म्हणते.”

“गावात एकच तं गिरणी आहे! इकाची कायले?”

“मंग काय पूजा करू तिची?”

देवळातून माइकवर ‘हॅलो, हॅलो’ ऐकू आलं.

“दुकानातून पिठाचं पाकीट आणा न, भाऊ.”

“वर्गणीचे गहू आहेत, बाई. लोकायनं पसापसा देल्ले. बुवाच्या ताटात पाकिटाची पोळी वाढू?”

बायनाबाई पदर खोचून उठली. तिनं बटणावर हात ठेवला. “करते चालू. दोन किलो कमी भरलं तं मले नका बोलू.”

“थांब!” गुणवंतरावांनी डब्यावर हात ठेवला. गहू बरोबर मोजून आणले होते. “थांब थोडं. येईन कोणी.”

ते दारात जाऊन उभे राहिले. समोर रिकाम्या खोल्यांची रांग होती, सगळ्यांना कुलपं. त्यांनी कपाळावर आडवा हात धरला आणि त्या खोल्यांपुढच्या रस्त्यानं कुणी डोक्यावर डबा घेऊन येतं का, ते पाहू लागले.