रविवारची वेल

माझी मुलगी वारल्यावर नात मोनाली आमच्याकडे बुऱ्हाणपूरला राहायला आली. येताना तिने दापोऱ्याहून रानद्राक्षाची वेल आणली. तिथे घरामागच्या नाल्यावर मायलेकी तिची आंबट फळं खायच्या. परसात वेल लावताना मी तिला शिकवलं, "मुळांना धरून आलेली माती झटकायची नाही. आणि आता हिला अजिबात हलवायचं नाही. जागा ओळखीची झाली की ती आपोआप वर चढेल."

मांडव घातला, शेणखत दिलं, वाळवीचं औषध टाकलं. तरी वेल जीव धरेना.

जावई धर्मेंद्र दर रविवारी मोनालीला मोटारसायकलवर दापोऱ्याला नेतात आणि संध्याकाळी परत सोडतात. त्यांच्या नव्या संसारात तिला मुक्काम नाही.

एका रविवारी त्यांचा हॉर्न वाजला, म्हणून मी तिला बोलवायला परसात गेलो. ती वेल मुळासकट काढून ओल्या गोणपाटात गुंडाळत होती. माती मात्र तिने झटकली नव्हती.

"बेटा, हलवू नको म्हटलं होतं ना?"

"हिला पण घर दाखवून आणते, नाना. दर संडेला नेते. तिथे नाल्यावर लावते, अन् पप्पा 'चल' म्हणाले की काढून परत आणते."

बाहेर पुन्हा हॉर्न वाजला.

"येताना ती रडत नाही, नाना," गोणपाट छातीशी धरून ती म्हणाली, "फक्त पानं गाळते."