डाव्या दाराचा ओरखडा

अर्धांगाच्या झटक्यात बाबांची वाचा गेली आणि गाडी विकण्यावाचून इलाज उरला नाही. विकण्याआधी चकचकीत करायला म्हणून गॅरेजमध्ये आणली, तर बाबाही खुणा करकरून सोबत आले आणि चाकाच्या खुर्चीत बसून टक लावून बघत राहिले.

"आधी जुनं वॅक्स उतरवतो," कारागीर म्हणाला. "त्याशिवाय पॉलिश धरत नाही." त्याने डाव्या दारावर फडका फिरवला आणि हातभर लांब ओरखडा उघडा पडला.

तो मी लगेच ओळखला. सोळाव्या वर्षी बाबांची नजर चुकवून मी गाडी बाहेर काढली होती आणि फाटकाला घासली होती. घाईघाईने गाडीच्या रंगाचं वॅक्स चोपडून तो ओरखडा बुजवला, आणि गाडी कुणी बाहेर काढली होती, असं बाबांनी विचारलं तेव्हा सरळ कानांवर हात ठेवले. त्याला आता वीस वर्षं झाली. आज कबूल केलं असतं, तरी बाबांना मला धड रागावताही आलं नसतं.

"माझाच प्रताप आहे हा," मी कारागिराला हळूच म्हणालो. "एकदाच वॅक्स लावलं होतं. बाबांना आजवर पत्ता नाही."

तो हसला. "एकदाच? अहो, वॅक्स दोन-तीन महिन्यांत उडून जातं. इथे तर कुणीतरी वर्षानुवर्षं लावत आलंय."

मी वळून पाहिलं.

 

चोरी पकडली गेल्यासारखे बाबा मान खाली घालून बसले होते.