कोपऱ्यातल्या टेबलावरचा पाहुणा

लाखनीच्या हायवेवरल्या त्या हॉटेलात वाढायच्या कामाला नवी पोरगी लागली, की मॅनेजर शुभांगी तिला आधी कोपऱ्यातल्या रिकाम्या टेबलापुढे उभी करायची. "समज, इथं एक म्हातारा पाहुणा बसून हाये. मान वर करत नाही, मेनूले हात लावत नाही. बोल त्याच्याशी."

पहिल्या दिवशी नवी आलेली गुड्डी टेबलावर मेनू ठेवून तशीच मागं फिरली होती. पंधरा दिवसांनी मात्र ती ताठ उभी राहून रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "नमस्कार काकाजी, काय आणू?"

शुभांगीनं नेहमीसारखा आवाज जड करून पाहुण्याचं वाक्य म्हटलं, "लोकायचे खरकटे ताटं उचलाले लाज नाही वाटत तुले?"

"नाही वाटत, काकाजी. गरम भात वाढू काय?"

शुभांगी हसली. "झालं तुझं शिकून. उद्यापासून नव्या पोरीयले तूच शिकव."

गुड्डीचा चेहरा खुलला. मग तिनं विचारूनच टाकलं, "मॅडम, सात वर्षं झाले म्हणे, सगळ्यायले हाच पाहुणा देता तुम्ही. असा माणूस तर इथं कधी आलाच नाही. मंग हाच काहून?"

शुभांगीनं ती खुर्ची पुसली आणि थोडी मागं ओढून ठेवली, कुणाला बसायला सोपं जावं तशी.

"आमच्या आंधळगाववरून आलेच कधी, त भात मऊ वाढजो," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत माह्या बाबाचे दात पडले असतीन."