प्रेमळ नकार

अतिदक्षता विभागाबाहेर बसून कुमुदताईंनी बँकेच्या अ‍ॅपवर कर्जासाठी पुन्हा अर्ज केला. हल्ली बँकेचा नकार कुणाला बोचत नसे, कारण तो अर्जदाराच्या सर्वांत जवळच्या माणसाच्या आवाजात येई.

फोनमधून यजमान बोलले, "कुमुद, पुरे गं आता. राहू दे ते ऑपरेशन. तू खूप केलंस."

काचेपलीकडे ते बेशुद्धच होते.

इतक्यात सिस्टर धावत आल्या. "काकू, धर्मादाय निधीतून सोय झाली! एक पैसा नको. फक्त इथे सही करा, पटकन!"

कुमुदताईंनी पेन हातात घेतलं नाही. रडत रडत त्या म्हणाल्या, "नको हो. आत्ताच ह्यांनी नको म्हटलंय. ह्यांचा शब्द मी कधी मोडला नाही."